आजीचा पाट

परळ, रविवार रात्र

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओवर ऐन उन्हाळ्यात ओढणी गळ्याशी गुंडाळलेली दिसली, तेव्हाच समजलो की आत मानेचा पट्टा आहे. आईला बोललो नाही. हाताला मुंग्या येतात का, एवढंच विचारलं तर ‘बाबा, परत सुरू नका करू’ म्हणून फोन ठेवलास. म्हणून लिहितोय.

मान दुखते तर मानेचंच बघणार, असं तुझं म्हणणं. मीही कमरच धरून बसलो होतो. बावीस वर्षं बसच्या स्टिअरिंगवर, मागच्या खिशात ते जाडजूड पाकीट. फिजिओच्या बाईंनी आधी पाकीट काढायला लावलं. एका बाजूला उंचवटा घेऊन बसलं की कमरेखालचं हाड तिरकं होतं, आणि नजर सरळ राहावी म्हणून वरचे मणके उलटे वाकतात. मला लगेच पटलं. दहीहंडीत मी खालच्या थराला असायचो ना! माझी टाच जरा सरकली की वरचं पोर मान वाकडी करून तोल सावरायचं. त्या वर्षी काका पडला तेव्हा... जाऊ दे, ते तुला पाठ आहे.

तू तर पलंगावर पाय पसरून लॅपटॉप घेतेस. पाय लांब केले की मांडीमागचे स्नायू ताणतात, बैठकीचं हाड मागे कलतं, कमरेचा बाक जातो, पाठीला पोक येतं आणि साडेचार-पाच किलोचं डोकं पुढे लोंबतं. मानेच्या सात मणक्यांनी ते किती तास धरायचं? बुडाखाली, मागच्या अंगाला, टॉवेलची घडी ठेव. खुर्चीत बस. अर्ध्या-पाऊण तासाने ऊठ. पट्ट्यावर महिनोन्‌महिने राहू नकोस, स्नायू ढिले पडतात.

झालं, सुरू झालोच. रागावू नकोस. बाई हेही म्हणाल्या होत्या की वाकडं बसणाऱ्या प्रत्येकाचं दुखतंच असं नाही. पण मुंग्या आल्या, पेला हातातून निसटायला लागला, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

बाळाचा मानेचा बाक ते मान धरतं तेव्हा पक्का होतो, कमरेचा चालायला लागल्यावर. तू मान लवकर धरलीस, चाळभर दाखवत फिरलो होतो. चालायला मात्र दीड वर्ष लावलंस. आई नवस बोलली. आता एकटी हैदराबादेत राहतेस, मी डेपोत सगळ्यांना सांगतो.

समोरच्या बिऱ्हाडातला बंटी बुधवारी तिकडे येतोय. त्याच्याबरोबर आजीचा पाट पाठवतो. बसायला नाही, टेबलावर लॅपटॉपखाली ठेवायला. कीबोर्ड वेगळा घे, पैसे मी देतो.

मुंग्यांचं नुसतं हो की नाही कळव. आईच्या फोनवर नको, माझ्या.

तुझा
बाबा