विन्या, ‘रूमर्स’ भांडणांमुळे झाला नाही

दादर, मुंबई
३ ऑगस्ट

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "फ्लीटवूड मॅकचा ‘रूमर्स’ अल्बम भांडणांतून झाला. आपण कधी कडकडून भांडलोच नाही, म्हणून आपल्या बँडचं काही झालं नाही." तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय. मला ते अजिबात पटलेलं नाही. का पटलं नाही ते फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. बाहेर पाऊस कोसळतोय, गाड्या उशिरा धावतायत आणि आजचं रेकॉर्डिंग रद्द झालंय. तेव्हा वेळच वेळ आहे.

भांडणं होतीच. १९७६च्या फेब्रुवारीत फ्लीटवूड मॅक या रॉक बँडची पाच माणसं सॉसलिटोच्या ‘रेकॉर्ड प्लांट’ स्टुडिओत शिरली. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की हे गाव लागतं. बासवाला जॉन आणि कीबोर्ड वाजवणारी क्रिस्टीन मॅकव्ही यांचा संसार मोडला होता, गिटारवाला लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्सचं फाटलं होतं, ड्रमर मिक फ्लीटवूडचं लग्नही डगमगत होतं. वर दारू आणि कोकेन. हे सगळं प्रत्येक लेखात येतं, आणि लोक तिथेच थांबतात. अरे, भांडून फुटलेले बँड आपण मुंबईतच किती पाहिले! एका वर्षी रंगभवन दणाणून सोडणारी पोरं पुढच्या वर्षी एकमेकांची तोंडं बघायला तयार नसायची. त्यांच्यातल्या कुणी असा अल्बम केला?

माझं म्हणणं एवढंच, की घरी एकमेकांशी धड न बोलणारी ही माणसं स्टुडिओत मात्र एकमेकांचं वाजवणं जीव ओतून ऐकत होती. तू बास वाजवायचास, म्हणून तुझ्या वाद्याचंच उदाहरण देतो. ‘यू मेक लव्हिंग फन’ हे गाणं क्रिस्टीनने लिहिलं ते बँडच्या प्रकाशयोजनेचं काम बघणाऱ्या माणसावर. त्याच्याशी तिचं नवं नातं जुळलं होतं. जॉनला तिने सांगितलं, गाणं माझ्या कुत्र्यावर आहे. आता जॉनचा बास ऐक. किती गोल, किती समजूतदार! तिचा आवाज चढतो तिथे तो मागे सरकतो, ती थांबते तिथे पोकळी भरून काढतो. त्यातलं ते ‘वाँव वाँव’ करणारं क्लॅव्हिनेट नावाचं कीबोर्ड क्रिस्टीनचं, पण तो ‘वाँव’ काढणारं वा-वा पेडल खाली बसून हाताने हलवत होता मिक. लिंडसीच्या ‘गो युअर ओन वे’मधली एक ओळ स्टीव्हीला झोंबली होती, ती काढून टाक म्हणून तिने त्याला सांगितलंही होतं. ती ओळ राहिली, आणि त्याच गाण्यात मागचा सूर स्टीव्ही देते. तोही चोख!

‘ड्रीम्स’ तर अख्खं दोन कॉर्डवर, म्हणजे दोनच स्वरमेळांवर, उभं आहे. स्टीव्हीने बाजूच्या एका खोलीत ते झटक्यात लिहिलं. क्रिस्टीनला ते सुरुवातीला कंटाळवाणं वाटलं होतं. त्याच दोन कॉर्डवर निरनिराळे थर रचून प्रत्येक भागाला वेगळा रंग दिला लिंडसीने, म्हणजे ज्याला उद्देशून ते गाणं आहे त्यानेच.

आता टेपची गोष्ट. ही तुला कुणी सांगितली नसेल आणि माझ्या मते खरा ‘रूमर्स’ इथेच आहे. मी रेकॉर्डिंगच्या धंद्यात आलो तेव्हा टेपचे शेवटचे दिवस होते. सकाळी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे कापसाच्या काडीला स्पिरिट लावून मशीनचं हेड पुसायचं. काडी तपकिरी व्हायची. तो रंग म्हणजे आदल्या दिवशी वाजलेल्या टेपवरून सुटलेला ऑक्साइड, ज्यात आवाज साठतो तो चुंबकीय थर. टेप हेडवर घासत जाते, तिच्यावरचा थर कणाकणाने सुटतो आणि सगळ्यात आधी जातात ते वरचे, टोकदार आवाज. या लोकांनी चोवीस ट्रॅकच्या टेपवर महिनोन् महिने गिटार चढवल्या, गळे चढवले, पुसले, पुन्हा चढवले. शेवटी अल्बमचे सहनिर्माते केन कॅलॅट आणि रिचर्ड डॅशट यांच्या लक्षात आलं की किक आणि स्नेअर हे ड्रम मेल्यासारखे वाजतायत. ड्रमचा प्राणच झिजून गेला होता.

वाचले कशाने? मूळ वादन टेप करताना दोन मशीनं एकदम चालू ठेवली होती, म्हणून एक न झिजलेली प्रत पडून होती. पण दोन्ही टेपांना जोडणारी कुठलीही खूण नव्हती. मग एका तंत्रज्ञाला बसवलं. त्याच्या एका कानात झिजलेल्या टेपचे हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजा) आणि स्नेअर, दुसऱ्या कानात ताज्या टेपचे. एका मशीनचा वेग हाताने किंचित वाढवत, किंचित घटवत त्याने दोन्ही जुळवत ठेवले आणि नंतर चढवलेलं सगळं त्या ताज्या ड्रमवर आणून बसवलं. आज मी हे माउसने करतो आणि तरी मान आखडते. तो माणूस रात्रभर कानाने करत होता! भांडणातून हे येतं का, सांग बरं? हे येतं ध्वनीवरच्या प्रेमातून.

अर्थात खिशात पैसाही होता, ते मान्य करायला हवं. १९७५चा त्यांचा अल्बम तुफान चालला होता, म्हणून कंपनीने एवढे महिने दिले. आपल्याला तासावर पैसे मोजावे लागायचे. हा फरक मोठा आहे, आणि तू म्हणतोस त्यापेक्षा तोच जास्त खरा आहे.

एका बाबतीत मात्र माझा त्यांच्यावर कायमचा राग आहे. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे स्टीव्हीचं गाणं त्यांनी अल्बममधून काढलं. एलपीच्या एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा अरुंद होतात, आवाज बसतो. हे कारण तंत्राच्या दृष्टीने खरं आहे, पण मी असतो तर दुसरं गाणं काढलं असतं. ते एका सिंगलच्या मागच्या बाजूवर गेलं, आणि १९९७ला हेच पाचजण पुन्हा एका मंचावर आले तेव्हा कुठे त्याला मान मिळाला. त्या वेळचं चित्रीकरण बघ. शेवटी स्टीव्ही लिंडसीकडे वळून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून गाते. वीस वर्षांचं सगळं तिथे आहे.

बाकी स्वागत तुला ठाऊक आहेच. ४ फेब्रुवारी १९७७ला अल्बम आला. तिकडे लंडनमध्ये पंक रॉकवाले असल्या गुळगुळीत संगीतावर दात खाऊन होते. तरी अमेरिकेत तो ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, पुढच्या वर्षी ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला आणि जगभरात चार कोटींच्या वर प्रती गेल्या. आपल्यापर्यंत तो आला कसा, आठवतंय? कुणाच्या तरी मामाने गल्फहून आणलेली कॅसेट, तिच्यावरून उतरवलेली दुसरी, तिच्यावरून आपली. हाय-हॅट आपण ऐकलाच नव्हता, त्याच्या जागी नुसती सळसळ. पुढे काळ्या घोड्याच्या रिदम हाउसमध्ये मूळ रेकॉर्ड ऐकली तेव्हा मी चक्रावून गेलो होतो. ते दुकानही २०१६ला बंद झालं.

आमच्या सईने ‘ड्रीम्स’ पहिल्यांदा ऐकलं ते २०२०मध्ये, स्केटबोर्डवरून जाता जाता क्रॅनबेरीचा रस पिणाऱ्या त्या माणसाच्या व्हिडिओत. मग पूर्ण अल्बम मागितला. क्रिस्टीन गेली त्या दिवशी, ३० नोव्हेंबर २०२२ला, सईनेच मला बातमी सांगितली. आम्ही दोघांनी बसून ‘साँगबर्ड’ ऐकलं. बर्कलीच्या रिकाम्या सभागृहात रात्री रेकॉर्ड केलं होतं ते. क्रिस्टीन पियानोवर, आणि मागची ती हवा ऐकू येते.

आता तुला काम देतो. ‘द चेन’ हेडफोन लावून ऐक. पाचही जणांच्या नावावर असलेलं त्या अल्बममधलं हे एकच गाणं. वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे ब्लेडने कापून, चिकटवून केलेलं. सगळं थांबतं आणि जॉनचा बास एकटा सुरू होतो, तो भाग उचल, बसव आणि मला फोनवर वाजवून दाखव. बासच्या तारा गंजल्या असतील तर कळव. शनिवारी धोबी तलावला जाणार आहे, फुर्टाडोजमधून नवा सेट घेऊन नाशिकला कुरिअर करतो. चार तारांचाच आहे ना तुझा अजून?

तुझा,
शिऱ्या