दार उघडण्याआधीचे काही सेकंद

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ‘घोडा हा मोकळ्यावर धावणारा जीव. त्याला लोखंडी पिंजऱ्यात कोंडायचं आणि मग पळ म्हणायचं, हा कुठला न्याय? शर्यत सुटण्याआधी घोडे उभे करायचे हे स्टॉल काढूनच टाकले पाहिजेत,’ असं ठणकावून लिहिलंयस. राग कळला. पण ज्याची उमर स्टॉलच्या मागे उभं राहून घोडे आत घालण्यात गेली त्यालाच हे लिहिलंस, तेव्हा उत्तर लांबलचक येणार हे धरून चाल.

काढायचे तर त्यांच्या जागी काय आणायचं? निशाण? फीत? दोन्ही वापरून झालंय. निशाणावर शर्यत सोडायची तर आधी घोडे एका ओळीत उभे करायचे, आणि तेच खरं दिव्य. एक पुढे सरकतो, दुसरा गरगर फिरतो, तिसरा शेजाऱ्यावर दुगाण्या झाडतो. मुरलेला जॉकी मुद्दाम चार पावलं मागे राहून चालत्या घोड्यावर यायचा, म्हणजे निशाण पडताच वेग आयता मिळे. गरीब स्वभावाचा घोडा आणि त्यावरचं नवखं पोरगं मात्र ओळीत शहाण्यासारखं उभं राहून हरायचं. पुढे आडव्या फिती आल्या, स्टार्टरने, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याने, खटका ओढला की वर उडणाऱ्या. ओळ जरा सुधारली, पण दोन घोड्यांच्या मध्ये आड काहीच नव्हतं. लाथ बसायची ती बसायचीच.

फितीचा घोळ बघायचा असेल तर १९९३ ची ग्रँड नॅशनल, इंग्लंडातली अडथळ्यांची मोठी शर्यत, बघ. एकदा चुकीची सुरुवात झाली, घोडे परत आणले. दुसऱ्या वेळी फीत रिचर्ड डनवुडी या जॉकीच्या मानेत अडकली. स्टार्टरने परतीचं निशाण वर केलं तर ते उलगडलंच नाही. ३९ पैकी ३० घोडे निघून गेले, त्यांतल्या सातांनी दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या, एशा नेस पहिला आला, आणि शर्यत रद्द. जिंकल्याच्या आनंदात आलेल्या जॉकीला कळलं की आपण जिंकलोच नाही. अडथळ्यांच्या शर्यती अजून स्टॉलशिवाय सुटतात, कारण अंतर इतकं लांब की सुरुवातीला दोन-चार घोड्यांच्या लांबीइतकं मागे पडलं तरी भरून काढता येतात. तू जॉकी म्हणून पळवतेस त्या शर्यती हजार-बाराशे मीटरच्या. तिथे सुटताना गेलेलं परत मिळत नाही.

आज आपण वापरतो तसा विजेवर चालणारा स्टॉल क्ले प्युएट या अमेरिकन माणसाने बनवला आणि १९३९ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरजवळ तो पहिल्यांदा लावला. प्युएट स्वतः स्टार्टर होता. म्हणजे रोज शिव्या खाणाऱ्या माणसानेच हा उपाय काढला, यात मला नवल वाटत नाही. इंग्लंडने सवयीप्रमाणे वेळ घेतला: न्यूमार्केटला १९६५ मध्ये, आणि एप्सम डर्बीला थेट १९६७ मध्ये.

आता तुझा पिंजरा. पुढच्या दाराला कडी किंवा बोल्ट असतो असं तुला वाटत असेल, तर पुढच्या वेळी हात लावून बघ. दार धरून ठेवतो तो विद्युतचुंबक. स्टार्टरने बटण दाबलं की वीज तुटते, चुंबक सोडतो आणि स्प्रिंग सगळी दारं एकदम उघडते. वीज लागते ती दार बंद ठेवायला, उघडायला नव्हे. बिघाड झालाच तर दार उघडण्याच्या बाजूने व्हावा, हा त्यामागचा हिशेब. आणि फ्रीजचं दार जोर लावला की सुटतं, तसंच हेही सुटतं. घोड्याने पिसाळून छातीने धडक दिली तर तो बाहेर पडतो, दारावर चिरडत नाही. मग त्याला पकडून आणायचं, डॉक्टरांनी तपासायचं, ठीक असेल तरच परत आत. बाजूच्या भिंतींना गाद्या असतात, आणि कडेला एक अरुंद फळी असते. तिच्यावर आमचा माणूस उभा राहतो. वेळ आली तर तूही तिच्यावर चढायचंस.

हे सगळं असूनही मी स्टॉलला निर्धोक म्हणणार नाही. ओळीतला गोंधळ आणि लाथा गेल्या, पण उरलेला धोका त्या अंगाबरोबरच्या जागेत, काही सेकंदांत येऊन साठला. १९८१ मध्ये एप्समला नामांकित जॉकी लेस्टर पिगॉटचा घोडा, विन्सर बॉय, पुढच्या दाराखालून बाहेर घुसायला गेला आणि पिगॉटला सोबत फरफटत घेऊन गेला. कान जवळजवळ तुटून लोंबत होता, ३१ टाके पडले. आठवड्याभरात हा माणूस वन थाउजंड गिनीज ही मोठी शर्यत जिंकून मोकळा. (तू असलं काही करू नकोस. टाके पडले तर घरी बसायचं.)

जपानच्या गोल्ड शिपची गोष्ट दुखापतीची नाही, पण मला ती जास्त शिकवणारी वाटते. ताकाराझुका किनेन ही तिथली मोठी शर्यत त्याने २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोनदा मारलेली. २०१५ ला सगळ्यांचा पैसा त्याच्यावरच. आत आला, उभा राहिला, आणि नेमका दार उघडायच्या क्षणी मागच्या पायांवर ताठ! बाकीचे निघून गेले. तो पंधरावा आला. स्टॉल सगळ्यांना सारखंच दार उघडून देतो. त्या क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवर असणं, हे काम स्टॉलचं नाही.

म्हणून माझा आग्रह स्टॉल काढण्याचा नाही, आतला वेळ कमी करण्याचा आहे. घोड्याला आपल्या अगदी मागचं दिसत नाही. जंगलात त्याच्यावर झडप पडायची ती तिकडूनच, आणि आपण नेमकं तिकडूनच दार लावतो. त्यात शेजारचा थरथरत असेल तर ते वारं यालाही लागतं. अशा वेळी एक अडेल घोडा बाहेर नखरे करत राहिला तर खरी शिक्षा आत गुमान उभ्या असलेल्या शहाण्यांना होते. २००९ च्या ब्रीडर्स कप क्लासिक या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतीला क्वालिटी रोड नावाच्या घोड्याने आत जायला नकार दिला, डोळ्यांवर पट्टी बांधली तर लाथा झाडल्या, शेवटी त्याला बाद केलं. टीव्हीवर सगळे त्यालाच बघत होते. मी बाकीच्यांचा विचार करत होतो. पुढच्या वर्षी तोच घोडा स्टॉलमधूनच सुटून मोठमोठ्या शर्यती जिंकला, म्हणजे घरी कुणीतरी त्याच्यावर शांतपणे मेहनत घेतली असणार.

ती मेहनत सोपी, पण वेळखाऊ. दोन्ही दारं उघडी ठेवून घोडा नुसता आरपार चालवायचा. मग आत थांबवायचा, मान थोपटायची, चालत बाहेर. मग मागचं दार लावायचं. मग पुढचं. दार उघडल्यावर पहिल्या वेळेस उडीसुद्धा मारायला लावायची नाही. घाई करणारे ट्रेनर चाबूक दाखवून आत घालतात, आणि तो घोडा शर्यतीच्या दिवशी आमच्या छातीवर येतो. दोघांनी त्याच्या मागे हातात हात गुंफून ढकलायचं, हे लोकांना गमतीचं वाटतं. हेल्मेट आणि जाड जाकीट घालूनही बरगड्या मोजायला लागतात.

तू लिहितेस की तुला दिलेली ती तांबडी घोडी आत गेली की डाव्या भिंतीला रेलते आणि कडेची फळी कुशीला लागली की उसळते. तिच्यासाठी मॉन्टी रॉबर्ट्स या घोडे शिकवणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते ती जाड झूल माग. ती दोन्ही कुशी झाकते, तिची दोरी मागे अडकवलेली असते, आणि घोडी सुटली की झूल जागीच राहते. डोळ्यांवर टोपी घालणार असतील तर ती काढायचं काम तुझं. घरी दहादा सराव कर, उशीर झाला तर घोडी आंधळी सुटेल. आत असताना तिचं तोंड सरळ दाराकडे ठेव. एका हाताने आयाळ धर, म्हणजे ती झेपावली की तुझा भार लगामावर, म्हणजे तिच्या जबड्यावर, येणार नाही. ती मागच्या पायांवर उभी राहिली तर लगाम अजिबात ओढायचा नाही. ओढलास तर तूच तिला स्वतःवर पाडशील. गुडघे भिंतीपासून आत. आमच्या माणसाने ‘उतर’ म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही, फळीवर चढायचं.

आणि स्टार्टरला ओरडून ‘अजून नाही’ सांगायला लाजू नकोस. नवीन पोरं लाजतात. त्याला तुझी घोडी वाकडी उभी आहे हे दुरून दिसतंच असं नाही.

झूल मिळाली का ते कळव, आणि तिने डावी बाजू सोडली का तेही. नाही सोडली तर ट्रेनरला माझं नाव सांगून विचार, पुढच्या सरावाला तिला डावीकडे रिकामा स्टॉल देता येईल का.

तुझा,
बाबा