रनिंग कमी आहे म्हणे!

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि हसू आलं, पण थोडी धास्तीपण वाटली. १४ वर्षांची मिनीव्हॅन, आणि तू लिहितोस की मुलं मोठी झाली, आता रनिंगच कुठे आहे, वर्षाला ४,००० किलोमीटरसुद्धा होत नाहीत, मग सर्विसिंग दोन वर्षं पुढे ढकललं तर काय बिघडतं? अरे बाबा, हेच मीपण म्हणायचो. अगदी ह्याच शब्दांत.

मग टायरचं झालं. माझ्या व्हॅनचे टायर दिसायला झकास, खाचा खोल, कुठे झीज नाही, म्हणून मी काही ते बदलले नाहीत. आम्ही सात जण बसलेलो, सामान भरलेलं, आणि मागच्या टायरची वरची पट्टीच सोलून निघाली! खालून कुणीतरी हातोडा मारतंय असा आवाज, स्टिअरिंग थरथरायला लागलं, कशीबशी कडेला घेतली तर आतल्या तारा बाहेर. मग चष्मा लावून तारीख वाचली, ११ वर्षांचा टायर. टायरच्या बाजूला इंग्रजीत डॉट (DOT) लिहिलेलं असतं बघ, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, म्हणजे २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. रबर नुसतं उभं राहूनपण सुकतं. सहा वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घे, आणि दहा झाली की खाचा कितीही शिल्लक असू देत, काढून टाक.

तर माझं म्हणणं एवढंच की तुझ्या गाडीला आता मीटर नाही, कॅलेंडर लागू आहे. मॅन्युअलमध्ये बघ, बहुतेकदा किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी होईल ते धरायचं. आपण सोयीचं तेवढं वाचतो. शिवाय तिथे साधा वापर आणि खडतर वापर असे दोन तक्ते असतात. आपण सगळे स्वतःला साध्यात धरतो, पण दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, धूळ, गाडी चालू ठेवून वाट बघत बसणं हे सगळं खडतरमध्येच मोडतं. छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, तिथेच राहतं. म्हणून ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा, रनिंग कितीही कमी असो. आणि महिन्यातून एकदा गाडी सपाटीवर लावून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी बघत जा, म्हाताऱ्या गाड्या ऑइल पितात आणि लाल दिवा लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

ब्रेक ऑइल लोक विसरतातच. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, गाडी उभी असली तरी. डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा दर्जा, टायरवरच्या डॉटशी गल्लत करू नकोस) चं नवं ऑइल निदान २३० अंशाला उकळतं, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि लांब उतारावर भरलेल्या गाडीत ब्रेक तेवढे तापू शकतात, मग ऑइल उकळतं आणि पेडल नुसतं आत जातं, ब्रेक लागत नाही. साधारण दोन वर्षांनी बदलायचंच. कूलंटचंपण, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचंपण, तसंच, नुसत्या रंगावरून ओळखू नकोस, मॅन्युअलमध्ये आहे तेच घाल, आणि दुसरं काही त्यात मिसळू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टायमिंगला, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर उघडायला-मिटायला, बेल्ट आहे की चेन हे आधी शोध. बेल्ट असेल आणि कधी बदलल्याचं आठवत नसेल तर बदललेला नाही असंच धर! तो तुटायच्या आधी बहुतेकदा काही सांगत नाही, आणि पुष्कळ इंजिनांत तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग इंजिनच खोलावं लागतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोपण त्याच वेळी घाल, खोलायची मेहनत तीच असते.

गिअर ऑइल आयुष्यभर बदलायला नको असं कुणी म्हणालं तर विचार, कुणाच्या आयुष्यभर? व्हॅन जड, त्यात माणसं भरलेली, ऑइल तापणारच. आणि हो, प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग! तुझं व्ही सहा इंजिन आडवं बसवलेलं आहे ना, मग मागचे तीन प्लग केबिनच्या भिंतीला चिकटून असतात, तिथे हात जात नाही. पुढचे तीन बदलून सहाचं बिल करणारे महाभाग असतात, म्हणून जुने सहाच्या सहा प्लग हातात मागून घे. इंजिन फ्लश, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुणं, वगैरे सुचवलं तर सरळ नको म्हण, माझं तरी हेच मत आहे.

सगळं एकदम करू नकोस रे. आधी टायर, ब्रेक आणि बेल्ट, बाकीचं महिन्या-दोन महिन्यांनी, म्हणजे नवा आवाज आला तर कशामुळे आला ते तरी कळतं. आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी तर अजिबात काम काढू नकोस, किमान दोन आठवडे आधी कर. पाइपचा एखादा क्लॅम्प सैल राहिला असेल तर तो घराजवळच गळू दे. सरकत्या दरवाज्याची रेलपण पुसून घे, वहिनी किती दिवस त्याच्याशी झटापट करतायत ते मी बघितलंय.

पुढच्या पत्रासोबत चारही टायरच्या त्या चार आकड्यांचे फोटो पाठव. स्टेपनीचापण, कारण माझी खात्री आहे की ती गाडीबरोबर आली तीच असणार.

तुझाच,
सोललेल्या टायरवाला