फ्लॅटचं खरं कारण

पुणे, रविवार 22 मार्च 2026

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

आत्ताच पोचले, एसटीला तुडुंब गर्दी होती. पाडव्याला सांगायचंच असं ठरवून वाईला आले होते, पण पंगतीत बाबांनी श्रीखंड वाढता वाढता त्या बिल्डरचा उद्धार सुरू केला, कोर्टात खेच त्याला म्हणाले, आणि माझी जीभच उचलेना. म्हणून लिहितेय.

बिल्डरच्या कागदांत घोळ होता म्हणून फ्लॅट अडला असं मी सांगितलं होतं, ते खोटं. कागद नीट होते. डिसेंबरात बँकेने कर्जासाठी माझी तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स मागितली आणि माझ्याकडे एकही नव्हतं. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यापासून मी रिटर्न भरलेलंच नव्हतं, चार वर्षं. बाबा, दर जुलैत तुमचा फोन यायचा, "रिटर्न?" आणि मी "हो हो, झालं" म्हणायचे. तुम्ही पोस्टातली ड्युटी सांभाळून साताऱ्याला जाऊन रिटर्नचा सरल फॉर्म भरायचात, शिक्का मारलेली पोच बाटाच्या खोक्यात वर्षवार लावून ठेवायचात, त्या माणसाच्या मुलीने हे करावं!

डोक्यात एकच होतं की मी ज्यांची कामं करते ते बिल्डर लोक 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा टॅक्स, कापूनच पैसे देतात, म्हणजे टॅक्स गेला की आपला. पण घरमालकांची इंटिरियरची जी कामं केली त्यात कुणी काही कापत नाही, ते मी सोयीस्कर विसरले. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेली आपल्या कमाईची नोंद, उघडलं तर सगळं मांडून ठेवलेलं, कुठल्या बिल्डरने कधी किती दिले, सेव्हिंगचं 3,412 रुपये व्याजसुद्धा.

मागच्या वर्षाचं रिटर्न 31 डिसेंबरच्या आत 5,000 लेट फी भरून करून टाकलं. त्याच्या आधीची मात्र साध्या रिटर्नने भरता येत नाहीत, त्याला अपडेटेड रिटर्न म्हणतात, आणि त्यात जितका उशीर तितका दंड चढत जातो. टॅक्स आणि व्याज मिळून जे होईल त्याच्यावर पहिल्या वर्षात 25 टक्के, मग 50, मग 60, मग 70. दर 31 मार्चला एक पायरी वर. म्हणून सीएबाई फेब्रुवारीपासून मागे लागल्या होत्या, एप्रिल उजाडला तर 25चे 50 आणि 50चे 60 होतील.

2022-23चं सांगते, म्हणजे कल्पना येईल. टॅक्सची बाकी होती 22,960. त्यावर रिटर्नच्या उशिराचं व्याज वेगळं आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्स न भरल्याचं वेगळं, मग त्या सगळ्यावर 50 टक्के, वर लेट फी, असे 63 हजारांवर गेले. आई, तुला वाटेल एवढे कुठून आणले, फ्लॅटच्या बुकिंगसाठी साठवलेल्यातलेच. 2023-24ला 25 टक्क्यांतच सुटका झाली, फक्त बाबांनी काढून दिलेल्या एलआयसीची सूट मिळाली नाही, कारण त्या वर्षापासून टॅक्सची नवीन पद्धत, म्हणजे नवीन रिजीम, आपोआप लागते आणि माझ्यासारख्या धंदेवाल्यांना जुनी हवी असेल तर मुदतीच्या आत वेगळा फॉर्म भरावा लागतो.

अपडेटेड रिटर्नच्या फॉर्ममध्ये उशिराने का भरताय याचं कारण निवडायचं असतं. यादीत पहिलंच होतं, आधी रिटर्न भरलेलं नाही. त्यावर क्लिक करताना शाळेत गृहपाठ नाही म्हणून उभं केल्यासारखं झालं. आधारचा ओटीपी टाकला, पोच आली, मी ती प्रिंट काढून घेतली, उगाचच.

आता राहिलं पहिलं वर्ष, 2021-22. तेव्हा कमाई एवढी कमी होती की टॅक्स शून्य येतो, आणि टीडीएस कापलाय 60 हजार. म्हणजे सरकारकडे माझेच पैसे आहेत, पण अपडेटेड रिटर्नमधून रिफंड मागताच येत नाही. त्यासाठी उशीर माफ करा असा अर्ज वरच्या साहेबांकडे करावा लागतो, या वर्षासाठी मार्च 2028पर्यंत करता येतो, पण खरी अडचण होती हे कागदाने दाखवावं लागतं.

आई, हे जरा नीट वाच. ते रिटर्न जुलै 2022 अखेर भरायचं होतं आणि तेव्हा तुझं खुब्याचं ऑपरेशन होतं, मी लॅपटॉप न उघडता महिनाभर वाईत होते. सीएबाई म्हणाल्या हेच कारण लिहू. खरं आहे ते, पण तुझ्यामुळे राहिलं असं मनात आणू नकोस. ऑगस्टमध्ये तू काठी घेऊन अंगणात चालायला लागलीस तेव्हाही मला भरता आलं असतं, मी नाही भरलं, आणि पुढच्या वर्षी मागचं उघडं पडेल म्हणून पुढचंही टाळलं, तेव्हा तू ठणठणीत होतीस.

बाबा, रागावणार असाल तर फोनवर रागवा, बोलणं बंद करू नका. आणि त्या बिल्डरबद्दल गल्लीत ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, माझं नाव घेतलंत तरी चालेल.

खोक्यात तुमच्या पोचांच्या खाली आईचं डिस्चार्ज कार्ड असेल. फोटो पाठवा, अ‍ॅडमिटची तारीख दिसली पाहिजे, मागच्या वेळेसारखा अंगठा मध्ये येऊ देऊ नका.

तुमची,
छोटी