सुळका नसलेला डोंगर

सॅक्रामेंटो,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय सुन्या,

नुसते फोटो पाठवले असते तर तू पहिलं हेच विचारलं असतंस, "सुळका कुठंय?" नाहीये. म्हणून आधी पत्र.

मेडिसिन लेकला जाऊन आलो. कॅलिफोर्नियाच्या पार उत्तरेला, ऑरेगॉनच्या हद्दीजवळ. शेवटचा पेट्रोल पंप मागे पडला की नुसतं सूचिपर्णी जंगल, फोनला रेंज नाही. चढ इतका मवाळ की गाडीलाही कळेना. मी हिला म्हटलं, "ज्वालामुखी आला की सांग हं." ती नकाशातून मान वर न काढता म्हणाली, "मघापासून त्याच्यावरच आहोत!"

ढाल ज्वालामुखी म्हणतात तो हा. पातळ लाव्हा लांबवर वाहत जायचा, थरावर थर चढायचा, म्हणून पालथी ढाल. उंची २,४०० मीटरच्या जरा वर, पण आकारमानाने शेजारच्या शास्ता पर्वतालाही भारी. फोटो मात्र सगळे शास्ताचेच काढतात! माथ्यावर साधारण १२ बाय ७ किलोमीटरची खचलेली बशी, कॅल्डेरा, आणि तिच्यात हे तळं. लोणारला तू छातीठोकपणे "ज्वालामुखीच!" म्हणाला होतास आणि निघाला उल्केचा खड्डा, इथे खरोखरच्या ज्वालामुखीत उभा राहूनही पटेना.

पाणी असं निवळशार की बुडातले दगड मोजावेत. तळ्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही. या डोंगरावरचा पाऊस, बर्फ सगळं लाव्हाच्या भेगांतून खाली मुरतं आणि दक्षिणेला कित्येक मैलांवर फॉल रिव्हरच्या झऱ्यांत वर येतं. पिट रिव्हर आणि मोडॉक या इथल्या मूळनिवासी लोकांना ही जागा पवित्र, पाणी औषधी. भूऔष्णिक विजेच्या प्रकल्पांविरुद्ध पिट रिव्हर लोक वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. यंदा जानेवारीत हा भाग 'सात्तीत्ला' नावाने राष्ट्रीय स्मारक, म्हणजे सरकारी संरक्षित प्रदेश झाला.

पूर्वेला ग्लास माउंटन. जेमतेम साडेनऊशे वर्षांपूर्वीचा लाव्हा, म्हणजे आपल्या यादवांच्या आसपासचा! काळ्या काचेचे ढीगच्या ढीग. माझ्या नव्या बुटाचा तळवा उभा चिरला. हिने सांगितलं होतं, पायवाट सोडू नकोस. (हे तुझ्या वहिनीपुढे कबूल केलेलं नाही.)

पुढच्या उन्हाळ्यात ये. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली असतो. बूट जुनेच आण.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या