ज्येष्ठांनाही तेवढेच वजन?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्याकडे झालेल्या 'फिटनेस चॅलेंज'ची बातमी आपण छापलीत, आनंद झाला. ज्येष्ठ गटाचे काय झाले ते मात्र बातमीत नव्हते, म्हणून हे पत्र.

पंचविशीतल्या पोरांना आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना आयोजकांनी एकच वर्कआउट दिला होता: क्रॉसफिट या मिश्र व्यायामप्रकारातला 'फ्रॅन'. २१, १५ आणि ९ थ्रस्टर, प्रत्येक फेरीत तितकेच पुल-अप, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढणे. थ्रस्टर म्हणजे बारबेल खांद्यावर घेऊन पूर्ण बैठक मारायची आणि उठता उठता ती डोक्यावर न्यायची. पुरुषांना ४३ किलो. साठीतले एक गृहस्थ पाचव्या थ्रस्टरनंतर दर वेळी बार खाली ठेवत होते आणि पाठीला बाक देऊन पुन्हा उचलत होते. वेळ संपली तेव्हा त्यांची पहिली फेरीसुद्धा झाली नव्हती. लोक टाळ्या वाजवत होते. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

तरबेज खेळाडू 'फ्रॅन' तीन मिनिटांच्या आत संपवतात. हा व्यायाम आहेच मुळी झटपट दम काढणारा. एकेक थ्रस्टर मोजत वीस मिनिटे झगडणारा माणूस तो व्यायाम करतच नाही, तो नुसती कंबर पणाला लावतो. २१ थ्रस्टर एकदोनदा थांबून होतील एवढेच वजन त्याला द्यायला हवे, मग ते १५ किलो असो की नुसती काठी. पुल-अपऐवजी टांगलेल्या रिंगला धरून तिरके ओढणे चालते. दुसऱ्या एखाद्या वर्कआउटमध्ये बॉक्सवर उडी असेल, तर वयस्करांना पायरीसारखे चढू द्यावे. टाचेमागची शीर या वयात उडीने तुटू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी फार चढतच नाही, त्यामुळे घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, माणसाला बोलता येतेय का ते बघावे. आणि सवय नसताना शेकडो पुल-अप मारून लघवी काळपट झाली, तर ते अंगदुखीवर सोडायचे नसते, लगेच दवाखाना गाठायचा असतो. हे तरुणांनाही लागू आहे.

'वजन उतरवले की स्पर्धेची किंमत जाते,' असे एक आयोजक मला म्हणाले. मला हे अजिबात पटत नाही. क्रॉसफिटच्या 'ओपन' या सर्वांसाठी खुल्या जागतिक स्पर्धेत २०१५ पासून 'स्केल्ड', म्हणजे सोपे केलेले व्यायाम करणाऱ्यांचा, गट आहे आणि ५५ च्या पुढच्यांसाठी हलकी वजने ठरवलेली असतात. आपल्या तालमीत तरी वेगळे काय? नव्या पोराला आल्या दिवशी हजार बैठका सांगणारा वस्ताद मी पाहिलेला नाही. कडकपणा पंचांनी दाखवावा, तो बैठक पुरती खाली गेली का आणि हात वर सरळ झाले का, यात. तिथे ज्येष्ठांनाही सूट नको.

२०२५ मध्ये मुंबईत हायरॉक्स ही धावणे आणि व्यायाम यांची स्पर्धा झाल्यापासून आमच्याकडेही या प्रकाराची ओढ वाढली आहे, ती वाढावीच. पुढची स्पर्धा दिवाळीनंतर आहे म्हणतात. नावनोंदणीच्या अर्जावरच वयोगटाप्रमाणे वजने आणि पर्यायी व्यायाम छापा, एवढी आयोजकांना विनंती. माझ्याकडे सकाळी व्यायामाला येणाऱ्या बायकांपैकी काहीजणी नाव द्यायला तयार आहेत. बार किती किलोचा असेल, एवढेच त्या मला विचारतात.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली