तंटे मिटवण्याचा विषय जर्नलपुरता नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकतीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर मी तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. त्यातील ‘पर्यायी वाद निराकरण’, म्हणजे खटला न चालवता लवाद, मध्यस्थी अशा मार्गांनी तंटे मिटवणे, या विषयाच्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे. भारतीय वकील परिषदेच्या 2008 च्या नियमांनुसार हा सक्तीचा प्रात्यक्षिक विषय असून, तो अनुभवी वकिलांनी अभिरूप (खऱ्यासारखे रचून वठवलेले) प्रसंग आणि प्रकरणांचा अभ्यास यांच्या आधारे शिकवावा, अशी त्यात स्पष्ट अपेक्षा आहे. आमच्या महाविद्यालयात मात्र 1996 चा लवाद व सलोखा कायदा, वाद न्यायालयाबाहेर मिटवण्याबाबतचे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 आणि लोकअदालतीच्या तरतुदी वाचून दाखवण्यात आल्या, आम्ही आधीच्या वर्षाच्या जर्नलवरून आमची जर्नले उतरवून काढली आणि तोंडी परीक्षा पाच मिनिटांत आटोपली.

लवाद पुरावा पाहून निवाडा देतो. मध्यस्थाला तो अधिकारच नसतो, त्यामुळे त्याचे सारे काम ऐकण्यावर आणि नेमके विचारण्यावर चालते. बांधाच्या वादात एक भाऊ चार फूट जागा मागतो आणि दुसरा इंचभरही सोडायला तयार नसतो. पुन्हा मोजणी आणली तरी भांडण धुमसत राहते, कारण एकाला खरी निकड असते ती ऊस बाहेर काढण्यासाठी गाडीवाटेची आणि दुसऱ्याला भीती असते ती सामाईक विहिरीवरची आपली पाण्याची पाळी जाण्याची. दोघांशी स्वतंत्र बसून, घाई न करता बोलल्याखेरीज हे बाहेर येत नाही. मागणी आणि गरज यांतला फरक आम्ही पाठ केला, पण तो कसा काढून घ्यायचा याचा सराव एकदाही केला नाही.

याहून एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. जुन्या काळच्या गोतसभेपासून (गावकरी व भाऊबंदांच्या न्यायसभेपासून) 2007 च्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेपर्यंत गावातच वाद मिटवण्याची आपली परंपरा मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. परंतु भावांची वाटणी सामोपचाराने होते, तेव्हा माहेर तुटण्याच्या धाकाने बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केल्याचे मी नात्यात आणि शेजारी अनेकदा पाहिले आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने देशभर दिला, तरी बैठकीत तिला कोणी वेगळे बसवून ‘तुला काय हवे आहे?’ असे विचारत नाही. गप्प बसलेल्या माणसाची संमती गृहीत धरू नये, हे मध्यस्थाला शिकवावेच लागते. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी तीन मध्यस्थांचे मंडळ आहे, मात्र तिथल्या समझोत्याची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे करता येत नाही. म्हणजे तो समझोता केवळ पक्षकारांच्या मनापासूनच्या तयारीवर टिकणार आहे, आणि ती तयारी ओळखू शकणारी माणसे तालुक्या-तालुक्यांत लागणार आहेत.

मध्यस्थी गोपनीय असल्याने विद्यार्थ्यांना आत बसवता येत नाही, असे मला सांगण्यात आले. गोपनीयता हवीच. तथापि दोन्ही पक्षांची लेखी संमती आणि विद्यार्थ्याकडून गोपनीयतेची हमी घेऊन, निदान शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एखाद्या बैठकीत मागे बसू देणे अशक्य नाही. तेही जमत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रातील प्रशिक्षित मध्यस्थांनी महाविद्यालयात येऊन बांधाचे, वाटणीचे, पोटगीचे प्रसंग विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत आणि गुण जर्नलऐवजी त्यावर द्यावेत. यासाठी नवा नियम लागत नाही. 2008 चाच पाळायचा आहे. विद्यापीठांनी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी येत्या सत्रापासून याची सुरुवात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व विधी शाखेची विद्यार्थिनी, सातारा जिल्हा